काळीत की मुरमात? नाशिक-दिंडोरीच्या खोऱ्यात वाइनची द्राक्षं लावण्याआधी

आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या शेताचे दोन तुकडे आहेत. एक पाटाच्या खालच्या अंगाला, कादवा नदीकडे उतरणारा. काळीभोर जमीन, मे महिन्यात अशी भेगाळते की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. दुसरा वर टेकडीच्या पायथ्याला. तिथे आबांनी आयुष्यभर बाजरी आणि खुरासणीखेरीज काही घेतलं नाही. वाइनची द्राक्षं लावायची ठरली तेव्हा चांगलं पीक चांगल्या रानात, या सरळ हिशोबाने आम्ही कॅबरनेट सोव्हिन्यॉ खालच्या काळीत लावलं. चारेकशे रोपं उरली ती टाकून द्यायला जीव होईना, म्हणून वरच्या मुरमात लावली.

चौथ्या वर्षी दोन्हीकडचा माल एकाच आठवड्यात तपासला. काळीतल्या वेली पानांनी गच्च, घड भरगच्च, मणी फुगलेले, आणि साखर २० ब्रिक्सवर (रसातल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) येऊन अडलेली. वरच्या मुरमात वेली कमरेएवढ्या, घड हाताच्या मुठीत मावतील असे, मणी वाटाण्याएवढे. साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर २४ दाखवत होता. मणी चुरडला तर बोटावरचा जांभळा डाग दुसऱ्या दिवशीही गेला नव्हता. खालच्या मालाला दर कमी मिळाला आणि ते योग्यच होतं. रोप तेच, हात तेच, फवारणी तीच, मधलं अंतर फार तर ६०० मीटर. तेव्हापासून मी वाइनच्या बागेकडे दोन प्रश्नांनी बघतो: मुळं कुठवर जातात, आणि मणी पिकत असताना हवा कशी असते. पहिल्याचं उत्तर जमीन देते. दुसऱ्याचं उत्तर आपल्याकडे बऱ्याच अंशी छाटणीची तारीख देते. पुढचं सगळं या दोन प्रश्नांभोवती आहे.

आधी खोरं बघा, मग गट नंबर

गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. त्या घाटमाथ्यावर पाऊस नुसता ओततो. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे. तिथून पूर्वेला पन्नासेक किलोमीटर आलं की नाशिक शहरात तो ७०० च्या आसपास उरतो, आणि निफाडकडे त्याहून कमी. सह्याद्री ढग अडवतो आणि आपण त्याच्या पडछायेत राहतो. द्राक्षाच्या दृष्टीने हे आपलं भाग्य आहे, कारण घाटावर पडलेलं पाणी नद्या आणि धरणं आपल्या कोरड्या हवेत आणून देतात. गोदावरीवर गंगापूर, कादवेवर करंजवण आणि पालखेड, कोळवण नदीवर वाघाड, उनंदेवर ओझरखेड. मुळाला पाणी आणि पानाला कोरडी हवा, असं जुळून येणारे प्रदेश फार नाहीत.

खाली सगळा बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. हे थर आडवे असल्यामुळे आपल्या टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. वरच्या पायरीवर कातळ आणि बरड, तिच्या पायथ्याला मुरूम आणि तांबूस हलकी माती, त्याखाली मध्यम काळी, नदीकडे खोल भारी काळी आणि अगदी काठाला मळईचा गाळ. हजारो वर्षं पावसाने वरची बारीक माती धुऊन खाली नेली, त्याचा हा नकाशा. दिंडोरीपासून वणीच्या वाटेने सप्तशृंगीच्या डोंगरांकडे निघालात आणि नांगरलेल्या रानांकडे बघत गेलात, तर काळ्याचा करडा आणि करड्याचा तांबूस होताना दिसतो.

उंचीही लक्षात घ्या. नाशिक-दिंडोरीचा पट्टा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे. आपण विषुववृत्तापासून साधारण २० अंश उत्तरेला. या अक्षांशावर एवढी उंची नसती तर जानेवारीच्या रात्री १० अंशांवर उतरल्या नसत्या, आणि त्या रात्री नसत्या तर आंबटपणा टिकला नसता.

खड्डा खणा, पाच फूट

माती परीक्षणाचा कागद हवाच, पण आधी खड्डा. एप्रिल-मे महिन्यात, जमीन कोरडी असताना, रानाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात एकेक खड्डा पाच फूट खोल घ्या. जेसीबीवाला अर्ध्या तासात तिन्ही करून देतो. मग स्वतः खड्ड्यात उतरा आणि बाजूची भिंत खुरप्याने खरवडा.

काय बघायचं? वरची काळी किती जाडीची आहे ते. एक ते दीड फूट काळी आणि त्याखाली हाताने फुटणारा तांबूस मुरूम असेल तर वाइनसाठी रान पसंत करा. मुरमाचा ढेकूळ हातात घेऊन दाबा. चुरा होत असेल, चिरांमध्ये जुन्या झाडाझुडपांची पांढरी मुळं शिरलेली दिसत असतील, तर वेलीची मुळंही तिथे जातील. ढेकूळ दगडासारखा राहिला, कुदळीचा आवाज खणखणीत आला, तर तो मांजऱ्या किंवा कातळ आहे. दीड फुटावरच कातळ लागला तर मार्चमध्ये वेली कोमेजतात; तिथे लावू नका. आणि पाच फुटांपर्यंत काळीच काळी लागली, भिंतीवर ओलसर चकाकी दिसली, तर ते रान खायच्या द्राक्षाला, उसाला, गव्हाला चांगलं; वाइनच्या लाल जातींना नाही.

काळी मातीच का नको, याचं कारण नीट समजून घ्यायला हवं. तिच्यातली माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. ती पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवते. पावसाळा संपला तरी वेलीला डिसेंबरपर्यंत पाण्याची चणचण जाणवत नाही. वेलीला वाटतं अजून वाढायचंय, म्हणून शेंडा थांबत नाही. फांद्या वाढतात, सावली दाटते, मणी फुगतात. रंग आणि टॅनिन असतात सालीत. मणी फुगला की रस वाढतो, पण त्या मानाने साल वाढत नाही. त्यामुळे काळीतला माल पातळ लागतो. मुरमात पाणी निथळून जातं, नोव्हेंबरअखेर वेलीला किंचित टंचाई भासते, शेंडा आपोआप थांबतो आणि वेल फळाकडे वळते. खायच्या द्राक्षात आपण जन्मभर मणी मोठा करायला शिकलो. इथे बरोबर उलटं शिकावं लागतं. जिब्रेलिक आम्लाच्या बुडवण्या नाहीत, गर्डलिंग (खोडाची साल गोल कापणं) नाही, फुगवणीचं पाणी नाही. माझ्या ओळखीतल्या जुन्या बागाईतदारांना हीच गोष्ट सर्वांत जड गेली.

खड्ड्यात असतानाच दोन चाचण्या करा. पहिली निचऱ्याची. तळाशी फूटभर रुंद, दोन फूट खोल भोक घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाणी उभं असेल तर निचरा नाही. दुसरी चुनखडीची. भिंतीवर वरपासून खालपर्यंत पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. जिथे फसफसतं तिथे मुक्त चुना आहे. आपल्या भागात वर काही दिसत नाही आणि दोन फुटांवर पांढरे खडे लागतात, असं सर्रास होतं. चुना दहा टक्क्यांच्या पुढे गेला की कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असूनही वेलीला मिळत नाही. मग दरवर्षी फेरस सल्फेटचा खर्च आलाच.

प्रयोगशाळेत नमुना देताना वरची एक फूट आणि खालची एक फूट असे वेगळे नमुने द्या. सामू (पीएच), क्षारता, मुक्त चुना, सेंद्रिय कर्ब, पालाश आणि सोडियम एवढं तरी बघून घ्या. पाणीही तपासा, विशेषतः खालच्या अंगाच्या बोअरचं. सोडियमचं पाणी चार-पाच वर्षांत चांगल्या काळीची चोपण (कडक, निचरा न होणारी जमीन) करतं.

खुंट, ओळ आणि अंतर

आपल्याकडे अनेक वर्षं डोगरिज हाच खुंट (ज्याच्या मुळांवर वेलीचं कलम करतात ते रोप) चालला. टंचाईत आणि खारट पाण्यात त्याने बागा तारल्या हे खरं. पण तो जोमाचा खुंट आहे, आणि काळीत डोगरिज म्हणजे आगीत तेल. वाइनसाठी ११० आर हा जास्त आटोपशीर. चुना आणि कोरडं रान असेल तर १४० रुजेरी किंवा ११०३ पॉलसन यांचा विचार करा. हे तिन्ही बर्लँडिएरी आणि रुपेस्ट्रिस या जंगली जातींच्या संकरातले. कोणता घ्यायचा हे पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना मातीचा अहवाल दाखवून ठरवा. शेजाऱ्याने लावला म्हणून घेऊ नका.

मुरमाच्या रानात लागवडीआधी रिपरने तीन फूट फोडून घ्या, म्हणजे मुळांना चिरा मिळतात. भारी रानात मात्र खोल चारी खणून तिच्यात शेणखत-वाळू भरण्याचा मोह टाळा. चारीच्या दोन्ही भिंती चिकणमातीच्या, आत भुसभुशीत भर. पावसाळ्यात ती हौद होते आणि मुळं त्यात बुडून सडतात. त्यापेक्षा बोद (ओळीखालचा मातीचा उंचवटा) उंच करा.

अंतर ८ बाय ४ फूट धरलं तर एकरी १,३६१ वेली बसतात. वळण मांडवाचं नको, उभ्या तारांचं; ओलांडा (तारेवरची आडवी फांदी) अडीच-तीन फुटांवर आणि फुटवे तारांच्या जोड्यांमधून सरळ वर. ओळी उत्तर-दक्षिण घ्या, म्हणजे सकाळचं ऊन एका बाजूला आणि दुपारनंतरचं दुसऱ्या बाजूला मिळतं. उतार तीव्र असेल तर समतल रेषा पाळणं जास्त महत्त्वाचं; वाहून गेलेली माती परत मिळत नाही.

आता कुठली जात कुठे. गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावली आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. सुरुवात पांढऱ्या जातींनी झाली यात मला शहाणपण दिसतं. पांढऱ्या जाती लवकर पिकतात, उन्हाळ्याच्या आधी घरी येतात, आणि त्यांना लालइतकी सालीची ताकद लागत नाही. म्हणून मध्यम काळीचे तुकडे शेनिनला द्या. पण शेनिनचा घड घट्ट आणि साल पातळ असते, त्यामुळे वारा खेळेल अशीच जागा हवी. सोव्हिन्यॉ ब्लाँला सर्वांत थंड कोपरा, कारण तिचा हिरवट-ताजा वास उष्णतेत उडून जातो. शिराझ मध्यम ते हलक्या रानात चांगली येते, आपल्या हवामानाशी तिचं जमतंही. कॅबरनेट उशिरा पिकते, म्हणून मुरमाचा उतार तिला. बोर्डोमध्येसुद्धा कॅबरनेट निचऱ्याच्या गोटाळ रानावर आणि मेर्लो चिकणमातीवर, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या आहे. झिनफँडेल चवीला छान, पण एकाच घडात काही मणी कच्चे आणि काही सुकलेले, घडही घट्ट; नवख्याने मोठं क्षेत्र लावू नये.

आणि करार हातात आल्याशिवाय एकही रोप आणू नका. वाइनची द्राक्षं बाजार समितीत विकली जात नाहीत. २००८-०९ च्या मंदीनंतर मागणी आटली तेव्हा आपल्या जिल्ह्यात किती जणांनी उभ्या बागा तोडल्या, हे ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको.

छाटणीची तारीख: इथे हवामान निवडता येतं

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि उन्हाळ्याच्या शेवटी पिकते. पिकताना हवा उष्णतेकडून थंडीकडे जाते, रात्री गार होत जातात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. वर्षातून दोनदा छाटून आपणच तिला वर्ष आखून देतो: एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळ्याच्या शेवटी घडांसाठी फळछाटणी. आणि आपल्याकडे मणी पिकताना हवा थंडीकडून उष्णतेकडे जाते. जानेवारीत दिवस २८-३० अंश आणि रात्र १०. मार्चमध्ये दिवस ३५ च्या पुढे. म्हणजे पिकायला जितका उशीर, तितकी उष्णता जास्त. नाशिकच्या वाइनचं वेगळेपण आणि तिची मुख्य अडचण, दोन्ही या एका गोष्टीत आहेत.

उष्णतेने काय होतं ते बघा. मण्यात दोन मुख्य आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. मॅलिक आम्ल मणी स्वतःच श्वसनात जाळतो, आणि जितकी उष्णता तितकं वेगाने. लाल रंग मात्र साधारण १५ ते २५ अंशांत उत्तम भरतो. ३५ च्या वर त्याचं बनणं मंदावतं. त्यामुळे मार्चअखेर पिकलेल्या कॅबरनेटमध्ये साखर उड्या मारत चढते, आंबटपणा उतरलेला असतो, आणि बी अजून हिरवटच. मार्चमध्ये चढलेल्या ब्रिक्सवर फार भरवसा ठेवू नका. बऱ्याचदा ती नवी साखर नसते, मण्यातलं पाणी उडाल्याने आकडा वाढलेला असतो.

मग लवकर छाटावं, तर दुसरीकडून परतीचा पाऊस उभा. हिशोब असा करा. फळछाटणीनंतर आठ-दहा दिवसांत डोळे फुटतात, साधारण ३५-४० दिवसांत फुलोरा, ८०-९० दिवसांत मण्यात पाणी उतरतं (मणी मऊ होऊन पिकायला लागतो). सोव्हिन्यॉ ब्लाँ सुमारे १२० दिवसांत तोडणीला येते, शेनिन त्याच्या थोडी मागे, शिराझ १४० च्या आसपास आणि कॅबरनेट १५० च्या पुढे. आता कॅलेंडर घ्या. ऑगस्टअखेर छाटलं तर फुलोरा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणजे अगदी परतीच्या पावसाच्या तोंडी. पोंगा आणि दोडा अवस्थेत (कोवळी फूट आणि फुलण्याआधीचा घड) दोन दिवस झड लागली की डावणी हा बुरशीचा रोग घडावरच येतो, गळ-कूज सुरू होते आणि झाडावर पाच-दहा घड उरतात. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलं तर फुलोरा कोरड्या हवेत सापडतो, पण कॅबरनेट पिकायला मार्च उजाडतो.

माझा स्वतःचा नेम असा: कॅबरनेट सगळ्यांत आधी, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, कारण तिला सर्वांत जास्त दिवस लागतात. त्यामागून शिराझ. पांढऱ्या जाती सप्टेंबरच्या शेवटी. शेजारी बहुतेक जण सगळी बाग एका आठवड्यात उरकतात, मजुरांच्या टोळीच्या सोयीने. ती सोय मला पटते, पण तिची किंमत मोजावी लागते. सलग तुकडा असेल तर निदान दोन तारखा करा. पाऊस कुठल्या आठवड्यात येईल हे कोणाला माहीत नसतं, आणि दोन तारखा केल्या तर निम्मी बाग तरी वाचते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये पाऊस थांबायचं नाव घेईना. अशा वर्षी कुठली अवस्था पावसात सापडली यावरच कोणाचा माल आला आणि कोणाचा गेला ते ठरलं.

घड मात्र ठरतात त्याच्या आधी, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर. साधारण चाळिसाव्या ते साठाव्या दिवशी काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो, आणि त्या वेळी डोळ्यावर स्वच्छ ऊन पडावं लागतं. खरड छाटणी मेअखेरीस ढकलली तर हेच दिवस जुलैच्या ढगाळ हवेत जातात आणि डोळे वांझ निघतात. म्हणून एप्रिलची छाटणी महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, पाणी थोडं आवरतं घ्या, नत्र हात राखून द्या आणि फुटव्यांची गर्दी वेळेवर काढा. फळछाटणीच्या आठवडाभर आधी काडी तपासणी करून घ्या. प्रयोगशाळेत डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात, आणि त्यानुसार किती डोळ्यांवर छाटायचं ते ठरतं.

डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या याशिवाय कोणालाही ते काम देऊ नका. काम करणाऱ्याने त्याच्या आधी आणि नंतरचे काही दिवस दारू अजिबात घ्यायची नाही. अंगात दोन्ही गेलं तर जिवावर बेतू शकतं. टोळीला हे पैसे ठरवण्याआधी सांगा.

पाणी, आणि ते कधी तोडायचं

वाइनच्या बागेला पाणी कमी लागतं, पण लागतं तेव्हा नेमकं हवं. त्यामुळे पाटाचं आवर्तन कधी मिळणार हे ठाऊक असणं मोलाचं. वाघाडच्या लाभक्षेत्रात शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था अख्ख्या प्रकल्पाचं पाणी स्वतः वाटतात, आणि तिथल्या बागाईतदाराला ही खात्री मिळते.

फुटीपासून मणी सेट होईपर्यंत, म्हणजे फुलोऱ्यानंतर मणी धरेपर्यंत, ताण देऊ नका. सेटिंगनंतर मण्यात पाणी उतरेपर्यंतचा काळ हा खरा हत्यार चालवण्याचा. या काळात ठिबक हळूहळू कमी केलं तर मणी लहान राहतो आणि शेंडा थांबतो. शेंड्याकडे बघून ठरवा: टोकाचा बाळ्या (तारेला वळसा घालणारा तंतू) कोवळ्या पानांच्या पुढे डोलत असेल तर वेल अजून पाण्यात आहे, बाळ्या गळला, शेंड्याची पानं आखडली, तर ताण पुरेसा झाला. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली म्हणजे हद्द ओलांडली. मुरमात ही हद्द आठवड्यात येते, मध्यम काळीत महिना लागतो, आणि खोल काळीत ती येतच नाही. एका व्हॉल्व्हवर दोन प्रकारची माती ठेवू नका. आम्ही पहिल्या वर्षी ठेवली होती; वरचं वाळत होतं आणि खालचं माजत होतं. मण्यात पाणी उतरल्यानंतर ठिबक थोडं थोडं द्या, नाहीतर पानं गळतात आणि पिकवायला कोणी उरत नाही.

खताबद्दल एवढंच, की आपल्या काळ्या मातीत पालाश मुळात भरपूर असतो. खायच्या द्राक्षाच्या सवयीने साखर यावी म्हणून आणखी पोटॅश सोडलं तर ते मण्यात जाऊन टार्टारिक आम्लाला बांधतं, रसाचा सामू वर जातो आणि वाइनचा रंग व टिकाऊपणा दोन्ही घसरतात. फुलोऱ्यात देठ परीक्षण (पानाच्या देठाची प्रयोगशाळेत तपासणी) करा आणि कमतरता दिसली तरच द्या.

ऊन, दव आणि थंडीचा खड्डा

सेटिंगनंतर घडाजवळची पानं काढायची, पण फक्त पूर्वेच्या बाजूची. सकाळच्या उन्हाने दव लवकर सुकतं आणि भुरी रोगाला जागा राहत नाही. पश्चिमेची पानं राहू द्या. फेब्रुवारीतल्या तीनच्या उन्हात उघडा घड भाजतो, मणी तपकिरी होऊन सुकतो.

थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगटात साचते. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा २ अंशांच्या खाली गेला. अशा रात्री मणी तडकतात, पिकणं थबकतं, आणि लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू ठेवतात. आपल्या रानातला थंडीचा खड्डा शोधायचा असेल तर डिसेंबरच्या पहाटे साडेपाचला पायी चाला. उतारावरून खाली येताना एका ठिकाणी घोट्याला गारवा एकदम लागतो. धुईही तिथेच बसते, दवही तिथेच उशिरापर्यंत राहतं, डावणी-भुरीचा पहिला डागही तिथेच दिसतो. तिथे बांध किंवा झाडांची दाट रांग आडवी असेल तर तिच्यात वाट काढून द्या, म्हणजे गार हवा पुढे सरकेल. नदीला आणि पाटाला अगदी लागून असलेल्या ओळींतही हाच त्रास. त्या आठ-दहा ओळी मी आता लावतच नाही. तिथे मका असतो.

तोडणी

तोडणीआधी तीन आठवड्यांपासून दर चार दिवसांनी नमुना घ्या. शंभर मणी, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून, खालून. हलक्या आणि भारी रानाचे नमुने वेगळे. पांढऱ्यासाठी २० ते २२, लालसाठी २३-२४ ब्रिक्स, आणि रसाचा सामू ३.६ च्या आत. आकडे जुळले तरी मणी चावून बघा. बी तपकिरी आणि कुरकुरीत हवी, साल चघळल्यावर जीभ खरखरीत झाली तरी कडवट हिरवी चव नको. लाल जातींना एकरी चार-पाच टनांच्या वर माल ठेवला असेल तर हे सगळं एकत्र जुळत नाही. जास्तीचे घड पाणी उतरतानाच कापून जमिनीवर टाकावे लागतात. त्या दिवशी आबा बागेत थांबत नाहीत.

तोडणी उजेड फुटताच सुरू करून नऊच्या आत थांबवा. मणी रात्रीच्या गारव्यात असतानाच क्रेट भरा, वीस किलोच्या वर नको, नाहीतर खालचे घड चेंगरून रस सुटतो आणि वाटेतच आंबायला लागतो. वरच्या मुरमाचे आणि खालच्या रानाचे क्रेट वेगळे ठेवा, त्यांवर खडूने खूण करा आणि गाडीत चढवताना वायनरीच्या माणसाला दोन्हींतला एकेक मणी खायला द्या. आमच्या खालच्या काळीत आता कॅबरनेट नाही. तिथे शेनिन आहे, आणि वर जिथे बाजरी व्हायची तिथे अकरा ओळी कॅबरनेटच्या वाढवल्या आहेत. यंदा त्यांची दुसरी खरड छाटणी.